तुरट रसाची समीक्षा : एक स्वस्त फ्रेंच वाइन, काचेचा चंबू आणि पालघरची जीभ

मराठी समीक्षेने आपले कितीतरी शब्द जिभेकडून उसने घेतले आहेत. रस, आस्वाद, रुची, अभिरुची, गोडी, रसभंग, रसग्रहण. भरताने नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रस म्हणजे काय हे सांगताना दाखला दिला तो जेवणाऱ्याचाच. नाना व्यंजनांनी सिद्ध झालेले अन्न खाताना प्रसन्न मनाचा माणूस जसा रसांचा आस्वाद घेतो, तसा प्रेक्षक भावांचा घेतो, असे त्याचे म्हणणे. पुढे दोन हजार वर्षे आपण कवितेच्या रसाबद्दल लिहीत राहिलो. प्रत्यक्ष जिभेवर उतरणाऱ्या रसाबद्दल मात्र कुणी गंभीरपणे लिहिले, तर ते पाककृतींच्या सदरात जाते.

प्रस्तुत लेखात उलट दिशेने जाऊन पाहायचे आहे. समीक्षेची जी शिस्त आपण पुस्तकाला लावतो, ती एका बाटलीला लावता येते का? बाटली निवडली आहे ती फ्रान्समधल्या एका स्वस्त लाल वाइनची, उघडल्याबरोबर पिऊ नये, थोडी हवा लागू द्यावी, असे जिच्याबद्दल सांगतात तिची. आणि ती चाखली आहे बोईसरमध्ये. हे ठिकाण मुद्दाम सांगतो आहे. त्याचे कारण पुढे येईल.

ह्यूमची किल्ली आणि कांटचा पेला

चवीबद्दल वाद घालता येतो का, या प्रश्नावर युरोपातल्या दोन मोठ्या तत्त्वज्ञांनी वाइनचेच उदाहरण घेतले आणि उत्तरे मात्र वेगवेगळी दिली. इमान्युएल कांट १७९० च्या आपल्या सौंदर्यविषयक ग्रंथात म्हणतो की कॅनरी बेटांची वाइन छान आहे असे म्हणणाऱ्याने 'मला छान वाटते' एवढेच म्हणावे. जिभेचे सुख ज्याचे त्याच्यापुरते. सुंदर म्हणताना आपण इतरांच्याही संमतीची अपेक्षा धरतो; चवदार म्हणताना ती धरू नये.

त्याच्या आधी, १७५७ मध्ये, डेव्हिड ह्यूमने 'डॉन किहोते'मधली एक गोष्ट सांगितली होती. सांचो पांझाच्या घराण्यातल्या दोघांना एका पिंपातली वाइन चाखायला दिली. एक म्हणाला, चांगली आहे, पण किंचित चामड्याची चव येते. दुसरा म्हणाला, चांगली आहे, पण लोखंडाची चव येते. लोकांनी दोघांची टर उडवली. पुढे पिंप रिकामे झाले तेव्हा तळाशी एक जुनी किल्ली सापडली, तिला चामड्याची वादी बांधलेली.

माझा कौल ह्यूमच्या बाजूने आहे. चवीविषयीचे विधान समीक्षा केव्हा होते? त्या विधानातून एखाद्या किल्लीकडे बोट जाते तेव्हा, म्हणजे दुसऱ्याच्या जिभेला ते तपासून पाहता येते तेव्हा. हाच निकष मराठीत सध्या लिहिल्या जाणाऱ्या वाइनच्या चवनोंदींना लावला, तर बहुतेक नापास होतील. 'ब्लॅककरंटचा सुगंध, सीडरची छटा, जंगलातल्या ओल्या पालापाचोळ्याचा आभास' या वाक्यातला पालापाचोळा सोडला, तर पालघरच्या वाचकाने त्यातले काय पाहिले, हुंगले, चाखले आहे? ज्याने ब्लॅककरंट खाल्ले नाही त्याला हे विधान खोटे ठरवता येत नाही. जे खोटे ठरवता येत नाही ते मान तुकवून मान्य करावे लागते. वाइनभोवतीचा दरारा बराचसा इथून येतो.

स्वस्त कुणासाठी?

बाटली काओर या प्रदेशाची. नैऋत्य फ्रान्समध्ये लो नदीच्या वळणांवर हे मळे आहेत. मालबेक हे इथले मुख्य द्राक्ष. लेबलावर काओर हे नाव लावायचे तर किमान सत्तर टक्के मालबेक असावे लागते. रंग इतका गडद की जुन्या काळी हिला 'काळी वाइन' म्हणत. १९५६ च्या हिमदवात हे मळे जवळजवळ संपले, पुन्हा लावले गेले, आणि १९७१ मध्ये प्रदेशाला अधिकृत मानांकन मिळाले.

फ्रान्समध्ये अशी साधी काओर दहा युरोंच्या आत मिळते. तिथल्या मध्यमवर्गीयाची रविवारच्या जेवणाची बाटली. भारतात आयात होणाऱ्या वाइनवर दीडशे टक्के सीमाशुल्क बसत आले आहे. त्यावर राज्याचे कर, आयातदार आणि दुकानदार यांचा नफा. इतके सगळे चढल्यावर तीच बाटली इथे भेटवस्तू होते. माझ्या हाती आली ती परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला शुल्काशिवाय आणता येणाऱ्या दोन लिटरांतून, भाच्याच्या बॅगेतून.

किमतीचा मुद्दा समीक्षेच्या बाहेरचा नाही. बोर्दो विद्यापीठात फ्रेदेरिक ब्रोशे आणि सहकाऱ्यांनी केलेला, २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग सर्वश्रुत आहे. वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढऱ्या वाइनमध्ये चवहीन लाल रंग घालून दिला, तेव्हा त्यांनी तिचे वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केले. डोळ्याने जिभेला फसवले. किंमत हाही असाच एक रंग आहे. तिथे जी बाटली कुणी विचारपूर्वक चाखत नाही, ती इथे कुणी निःपक्षपातीपणे चाखत नाही.

चंबू काय करतो

वाइन एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतून ठेवण्याचे हेतू दोन. पहिला गाळ वेगळा करण्याचा. त्याला मराठीत निवळणे हा नेमका शब्द आहे. पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवून आपण तेच करत आलो. पण गाळ धरतो तो वर्षानुवर्षे बाटलीत राहिलेल्या वाइनला. तरुण, स्वस्त वाइनमध्ये निवळण्याजोगे काही नसते. तिच्या बाबतीत हेतू दुसरा, हवा लागू देण्याचा. आणि इथे मराठी अडखळते, कारण आपल्याकडे हवा लागणे म्हणजे बिघडणे. हवा लागली की पापड सादळतो, मुंबईची हवा लागली की मुलगा.

या दुसऱ्या हेतूबद्दल फ्रान्समध्येही एकमत नाही. बोर्दोचे प्रख्यात वाइनशास्त्रज्ञ एमिल पेनो यांचे मत असे की गाळ असेल तरच वाइन ओतून घ्यावी, तीही वाढण्याच्या अगदी आधी. फार हवा दिली तर सुगंध उडून जातो. याउलट, काओरपासून फार दूर नसलेल्या मादिराँ प्रदेशात ताना नावाचे भलते तुरट द्राक्ष पिकते. तिथल्या पात्रिक द्युकुर्नो यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी टाकीतल्या वाइनमध्ये प्राणवायूचे सूक्ष्म बुडबुडे सोडण्याचे तंत्र काढले, ते तुरटपणा मवाळ करण्यासाठीच. त्या कामाला आठवडे, महिने लागतात. चंबूतल्या एका तासात ते कसे होणार?

रसायनशास्त्राचे उत्तर ढोबळमानाने असे : तासाभरात तुरट द्रव्ये, म्हणजे टॅनिन, फारशी बदलत नाहीत. जाते ते दुसरेच. बंद बाटलीत साचलेले गंधकयुक्त वायू उडतात, राहिलेला थोडा कार्बन डायऑक्साइड निघून जातो, फळाचा वास मोकळा होतो. नाकाला फळ जाणवले की जिभेला तुरटपणा कमी टोचतो.

हे तपासण्यासाठी मी एवढेच केले. अर्धी वाइन एक लिटरच्या नव्या कोऱ्या काचेच्या चंबूत ओतली. तोच शंकूच्या आकाराचा, शाळेच्या प्रयोगशाळेतला चंबू. डिकँटर नावाने विकल्या जाणाऱ्या नक्षीदार भांड्याचे काम तो पूर्ण करतो. उरलेली अर्धी लगेच छोट्या बाटलीत गळ्यापर्यंत भरून झाकण लावले. दोन्ही भांडी एकाच तापमानाला ठेवली. हे महत्त्वाचे आहे, कारण 'लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी' या सल्ल्यातली खोली जुन्या युरोपीय घराची आहे, सोळा ते अठरा अंशांची. आमच्याकडे जानेवारीतल्या दुपारीही पारा पंचविशीच्या वर असतो. त्या उष्णतेत मद्यार्काचा भपका आधी येतो आणि वाइन काढ्यासारखी लागते. म्हणून दोन्ही भांडी थंड पाण्याच्या घमेल्यात.

उघडल्याबरोबर : रंग जांभळाच्या डागाचा. वास विझलेल्या आगकाडीचा, त्यामागे कुठेतरी फळ. चव आधी आंबट, मग तुरट. हिरड्यांवर जीभ फिरवली तर घासते. तासाभराने चंबूतली : आगकाडी गेली, आलुबुखार आणि काळ्या मनुका स्पष्ट, शेवटी तंबाखूच्या कोरड्या पानासारखे काहीतरी. तुरटपणा आहे तेवढाच, पण उशिरा येतो आणि फळाला धरून येतो. तीन तासांनी : वास पातळ, चव सपक, मद्यार्क वर आलेला. पेनो इथे बरोबर ठरतात.

मग एका तासाची आणि झाकणबंद अशा दोन्ही वाइनचे तीन पेले भरले. दोन एकसारखे, एक वेगळा. तिघा चाखणाऱ्यांनी डोळे बांधून वेगळा पेला ओळखायचा. तिघांपैकी दोघांनी ओळखला. यावरून काही सिद्ध झाले असे मी म्हणणार नाही. निव्वळ अंदाजाने बोट ठेवले तरी सत्तावीसपैकी सात वेळा किमान दोघे बरोबर येतात. पण ओळखणाऱ्यांपैकी एकाने जे कारण सांगितले, ते पुढच्या विवेचनाला उपयोगी आहे.

तुरट

त्याआधी तुरट या शब्दाकडे वळू. आयुर्वेदाच्या सहा रसांत कषाय हा स्वतंत्र रस आहे. आधुनिक इंद्रियविज्ञान तुरटपणाला बहुधा चव मानत नाही, स्पर्श मानते : टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून बसते, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि तोंड कोरडे, खरखरीत होते. रस म्हणा की स्पर्श, लाल वाइनचा कणा हाच आहे, आणि त्याला मराठीत रोजच्या वापरातला शब्द आहे.

शब्द आहे कारण अनुभव आहे. पालघर तालुक्यातल्या बहाडोलीचे जांभूळ भौगोलिक मानांकन मिळवून बसले आहे. पिकलेले जांभूळ गोड, आंबट आणि तुरट यांचा जो तोल साधते, तो समजलेल्या माणसाला चांगल्या लाल वाइनचा तोल वेगळा शिकवावा लागत नाही. पूर्वार्धात गोड, उत्तरार्धात तुरट, मध्ये आंबटाचा सांधा. घोलवड-डहाणूच्या चिकूला २०१६ मध्ये मानांकन मिळाले. कच्चा चिकू ज्याने एकदा चावला, त्याला अपक्व टॅनिन म्हणजे काय याची व्याख्या नको. तोच चिकू आढीत चार-सहा दिवस राहिला की गोड होतो; चीक आणि तुरटपणा दोन्ही जातात. इथल्या बागायतदाराला म्हणूनच ठाऊक आहे की तुरटपणा खरोखर जायला दिवस लागतात, तास नव्हे. चंबूबद्दल रसायनशास्त्राने जे सांगितले, ते आढीने आधीच सांगून ठेवले होते.

कोऱ्या चहात दूध घातले की तो मऊ का लागतो? दुधातली प्रथिने चहातल्या टॅनिनला धरतात, म्हणून. बोर्दोत पिंपातल्या वाइनला अंड्याचा पांढरा बलक घालून निवळतात, तत्त्व तेच.

याचा अर्थ ब्लॅककरंटच्या जागी जांभूळ लिहिले की काम झाले, असा नाही. ती नुसती भाषांतराची सोय झाली. जांभळाचा तोल या वाइनसारखा आहे, वास नाही. वासाने ही काओर आलुबुखाराजवळ जाते आणि जांभळापासून लांब राहते. तुलना तोलाची आहे की वासाची, हे सांगितले तरच ती दुसऱ्याला तपासता येते.

तारापूरचे नाक

आता त्या ओळखणाऱ्याचे कारण. तो तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या एका रासायनिक कारखान्यातून निवृत्त झालेला. झाकणबंद वाइनचा पेला नाकाशी नेताच म्हणाला, "ह्याच्यात सल्फर आहे." ह्यूमच्या गोष्टीतला लोखंड ओळखणारा भाऊबंद तो हाच.

वाइनमधले दोष ज्या नावांनी ओळखले जातात ती यादी पाहिली की बोईसरच्या माणसाला ती परकी वाटणार नाही. कुजक्या अंड्याचा वास हायड्रोजन सल्फाइडचा. सडक्या कोबी-कांद्याचा मरकॅप्टनचा. नेलपॉलिशचा एथिल ॲसिटेटचा. शिरक्याचा ॲसिटिक ॲसिडचा. पॅरिसच्या वाइनशाळेत हे वास कुप्यांत भरून शिकवतात. औषधी रसायने आणि रंगद्रव्ये बनवणाऱ्या वसाहतीत ते पाळीगणिक, नोकरीचा भाग म्हणून शिकावे लागतात, आणि चुकल्यास किंमत मोठी असते. तिथे आणखी एक धडा मिळतो : हायड्रोजन सल्फाइडचा वास यायचा थांबला म्हणजे वायू गेला असे समजू नये, नाकच बधिर झालेले असू शकते. चवनोंद लिहिणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य टेबलावर लावून ठेवावे. दहाव्या पेल्यानंतर दोष नाहीसे होतात ते वाइनमधून नव्हे.

पण ही शिकवणी फुकट झालेली नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर हे देशातले सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक क्षेत्र ठरले होते. वाइनला हवा लागू द्या, असे पुस्तक सांगते. कुठली हवा, हे ते विचारत नाही. व्यावसायिक चाखणीच्या खोलीत अत्तरसुद्धा लावून जाता येत नाही. इथे चाखायला बसायचे तर वाऱ्याची दिशा पाहून, समुद्राकडून वारा सुटल्यावर बसावे लागते. ज्यांचे नाक वाइनच्या दोषांसाठी सर्वांत तयार, त्यांच्याच नाकाला स्वच्छ हवा सर्वांत दुर्मिळ, ही या परिसरातल्या आस्वादाची खरी अट आहे.

लोखंडाचा धागाही इथे पुरा होतो. लाल वाइन आणि मासे जमत नाहीत, याचे कारण जपानी संशोधकांनी २००९ मध्ये दाखवले : वाइनमधले लोह माशाच्या तेलाशी मिळून तोंडात हिवस, धातूसारखी चव उठवते. सातपाटीच्या पापलेटबरोबर हीच काओर घेतली तेव्हा दुसऱ्याच घासाला ती चव आली. मटणाच्या रश्श्याबरोबर ती शांत बसली. वाइनमधली किल्ली शोधायची तर पिंप रिकामे करायला नको, पापलेटचा तुकडा पुरतो.

घटका मोजणारे पेय

हवेने पेय बदलते, हे ज्ञान या किनाऱ्याला फ्रान्सकडून यायचे नव्हते. केळवे-माहीमपासून चिंचणी-डहाणूपर्यंत ताडाच्या रांगा आहेत. पहाटे चुना लावलेल्या मडक्यातून उतरते ती नीरा, गोड. चुन्याविना ठेवली की तीच आंबू लागते. सकाळची ताडी सौम्य, दुपारची कडक, दुसऱ्या दिवशीची शिरक्याकडे झुकलेली. पिणारे ताडीचे वय घटकांत सांगतात. पेयाच्या चवीला वेळेचे परिमाण असते, हे चंबूमागचे मुख्य सूत्र त्यांना अवगतच आहे.

तरी या ज्ञानाला रसिकतेचा दर्जा मिळाला नाही, याला चवीपेक्षा कायद्याचा इतिहास अधिक कारण आहे. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने ताडाच्या झाडावर कर बसवला आणि भंडाऱ्यांचा पिढीजात धंदा सरकारी परवान्याखाली गेला. १८९२ च्या मोहाविषयीच्या कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत, म्हणजे आजच्या पालघरमध्येही, मोहाची फुले जवळ बाळगण्यावर बंधने आली. वारली-कातकऱ्यांच्या अंगणातले फूल संशयित झाले. १९४९ चा दारूबंदी कायदा त्याच वाटेने पुढे गेला. २००१ मध्ये मात्र राज्याने द्राक्षप्रक्रियेसाठी उत्तेजनाचे धोरण आणले आणि वाइनला शेतीमालाचा मान मिळाला. नाशिकच्या शेतकऱ्याला त्याचा फायदा झाला, त्याबद्दल तक्रार नाही. बोर्डी परिसरात चिकूपासून वाइन बनू लागली, हेही चांगलेच. पण एकाच जिल्ह्यात आंबवलेला एक रस पिणारा दारुडा आणि दुसरा पिणारा रसिक, हा भेद जिभेने केलेला नाही. व्यसनाने घरे मोडतात ती दोन्हीकडे मोडतात. समीक्षेने निदान एवढे करावे की पेल्यातल्या रसाला पिणाऱ्याच्या प्रतिष्ठेवरून गुण देऊ नयेत.

गंमत अशी की बोर्दो हे नाव आमच्या वाड्यांत वाइनच्या कितीतरी आधी पोचले होते. मोरचूद आणि चुना यांचे बोर्डो मिश्रण फवारणारा बागायतदार हे नाव रोज घेतो. प्राध्यापक मियार्दे यांनी १८८५ मध्ये द्राक्षवेलींवरच्या रोगासाठी ते सिद्ध केले. वाइन बनवणारेही गंधकाचा वास काढण्यासाठी तांब्याच्या क्षाराचा अत्यल्प उपयोग करतात; म्हणजे मोरचूद वेलीवरही आणि पिंपातही. दोन्हीकडच्या कारागिरांत ज्ञानाचे नाते असे जुने आहे. अडते ते त्या ज्ञानावर बेतलेल्या वर्णनाच्या भाषेपाशी.

निवाडा

शेवटी बाटलीबद्दल. ही काओर चांगली, पण मोठी नाही. पहिल्या पेल्याला तिच्यावर अन्याय होतो. तिला एक तास द्यावा, दोन देऊ नयेत. सोळा-अठरा अंशांच्या वर जाऊ देऊ नये. तुरटपणा प्रामाणिक आहे, पिकलेल्या फळाचा आहे, कच्च्या चिकूचा नाही. शेवट आखूड : घोट गिळल्यावर चव रेंगाळत नाही, आणि इथेच तिची स्वस्ताई कळते. तिथल्या किमतीला ती आनंदाने घ्यावी. इथल्या किमतीला घेऊ नये. त्या पैशात नाशिकची चांगली शिराझ येते आणि तिलाही हाच चंबू, हाच तास उपयोगी पडतो.

यातले प्रत्येक विधान खोडून काढता येईल असे लिहिले आहे. जांभूळ, आढीतला चिकू, कोरा चहा, विझलेली आगकाडी, पापलेटचा तुकडा, हे सगळे वाचकाच्या हाताशी आहे. कुणी बोईसर-पालघरला बसून तासाचा हिशेब चुकीचा ठरवला, किंवा मला जिथे आलुबुखार लागले तिथे त्याला चिंच लागली, तर वाद घालायला जागा आहे. आपल्या भाषेतल्या वाइनलेखनाला सध्या त्या वादाचीच गरज आहे.